पासवर्ड कसे हाताळतो यावरून डेव्हलपर चांगला की नाही हे ठरवावं का?

दुपारची_झोप

मंडळी, जरा मतं हवीयेत. इथे बरेच जण स्वतः इंटरव्ह्यू घेतात म्हणून विचारतोय.

आमची कंपनी छोटी आहे, बाणेरला ऑफिस, काम म्हणजे दुकानदारांना बिलिंग आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर देणं. एक फ्रेशर घ्यायचाय. डीएसएच्या (डेटा स्ट्रक्चर आणि अल्गोरिदमच्या) प्रश्नांचा मला वीट आलाय, सगळे पाठ करून येतात, लिंक्ड लिस्ट उलटी करायला सांगितली तर आपलं वाक्य संपायच्या आत ती फळ्यावर उलटी झालेली असते. म्हणून यावेळी टास्क दिला. साधं लॉगिन बनवा, नोंदणी, लॉगिन आणि 'पासवर्ड विसरलात?', बस. दुपारभर वेळ, गूगल करा, एआय वापरा, काही हरकत नाही, शेवटी गिटवर (कोडचा प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारी सिस्टिम) टाका आणि मग अर्धा तास त्यावर बोलू.

आता दोघं उरलेत आणि ऑफिसात दोन पार्ट्या पडल्यात.

पोरगा जबरदस्त फास्ट. दोन तासांत सगळं तयार, वर डार्क मोड पण. कोड वाचायला स्वच्छ. पण पासवर्ड एमडी५ करून ठेवलेत, म्हणजे हॅश (पासवर्डवरून बनवलेला, उलटा फिरवता न येणारा मजकूर) करायची जुनी कच्ची पद्धत, आणि सॉल्ट (हॅश करायच्या आधी प्रत्येक पासवर्डला जोडायचा वेगळा रँडम तुकडा) वगैरे काही नाही. 'पासवर्ड विसरलात' दाबलं की जुना पासवर्ड लगेच रद्द आणि नवीन चार आकडी पासवर्ड मेलवर, म्हणजे मी तुमचा ई-मेल टाकत बसलो तर दिवसभर तुम्हाला खात्याबाहेर ठेवू शकतो. आणि डेटाबेसचा पासवर्ड असलेली डॉट ईएनव्ही फाइल पहिल्या कमिटमध्ये (गिटमध्ये नोंदवलेल्या बदलात) गेलीय, दुसऱ्या कमिटमध्ये काढलीय, कमिट मेसेज काय तर 'नको असलेली फाइल काढली'.

मुलगी स्लो. 'पासवर्ड विसरलात' अर्धवट राहिलं, स्क्रीनही यथातथाच. पण मध्येच उठून विचारायला आली की सर, टाकलेला ई-मेल आपल्याकडे नसेलच तर काय दाखवू, 'असा युझर नाही' म्हटलं तर कोणीही एकेक ई-मेल टाकून कोणाचं खातं आहे कोणाचं नाही ते बघत बसेल. मला तिथेच कळलं काय ते.

मॅनेजर म्हणतात, आपण काय बँकेचं सॉफ्टवेअर करतो का, पासवर्डचं काय ते एका दिवसात शिकवता येतं, स्पीड शिकवता येत नाही. माझं मत उलट आहे. तुमचं काय?

कोथरूड_ते_हिंजवडी

मी पोराच्या बाजूने. रागावू नका पण कॉलेजात त्याला हे शिकवलंय कोणी? शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला एक्स्टर्नल येतात ते रिपोर्टचं बाइंडिंग बघतात, यूज केस डायग्राम बघतात, पासवर्ड डेटाबेसमध्ये कसा ठेवलाय हे आमच्यावेळी तरी कोणी उघडून बघितलं नाही. आणि एमडी५ वाली जुनी ट्यूटोरियलं अजून नेटवर ढिगाने पडलीयेत, पोरं तिथूनच उचलणार.

शिवाय मोठमोठ्यांनी काय दिवे लावलेत ते बघा. लिंक्डइनचे २०१२ मध्ये ६५ लाख हॅश बाहेर आले, ते सॉल्टशिवाय एसएचए-१ (एमडी५ सारखीच जुनी हॅश पद्धत) होते, आणि २०१६ मध्ये कळलं की खरा आकडा ११ कोटींच्याही वर आहे. अडोबीचं २०१३ चं तर विचारू नका, त्यांनी हॅश न करता एन्क्रिप्ट केले होते (म्हणजे किल्ली असली की परत उलगडता येतील असे), ट्रिपल डेस, तेही ईसीबी मोडमध्ये, म्हणजे ज्यांचा पासवर्ड सारखा त्यांचा एन्क्रिप्टेड मजकूरही सारखा, आणि शेजारच्याच कॉलममध्ये पासवर्डची हिंट उघडी ठेवलेली. एकाच मजकुरासमोर हजार लोकांच्या हजार हिंट. कोणी लिहिलंय 'एक ते सहा', कोणी लिहिलंय 'आकडे ओळीने', किल्ली न मिळवताच लोकांनी शब्दकोड्यासारखं सोडवलं ते. सगळ्यात जास्त वापरलेला निघाला १२३४५६. तिथे काय अडाणी डेव्हलपर होते का? मग एका फ्रेशरला फाशी कशाला.

पोराला विचारलंत का की एमडी५ का वापरलं? त्याच्या उत्तरावर ठरवा.

दुपारची_झोप

विचारलं की. म्हणाला, "सर, पण डेटाबेस कोण बघणार आहे?"

कोथरूड_ते_हिंजवडी

अरेरे. बरं.

आज्ञावली_आजोबा

'मला तिथेच कळलं काय ते' हे वाक्य वाचून लिहावंसं वाटलं. इतकं लगेच कळत नसतं हो.

१९७९ मध्ये रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या पासवर्डवर एक पेपर लिहिला. हॅशिंग मुद्दाम संथ ठेवा, प्रत्येक पासवर्डला वेगळं सॉल्ट लावा, हे आज तुम्ही ज्याच्यावरून पोरांना जोखताय ते सगळं त्यात आहे. आता गंमत ऐका. त्याच काळातली बीएसडी युनिक्सची एक पासवर्ड फाइल जुन्या सोर्सच्या संग्रहात राहून गेली होती, ती पुढे लोकांच्या हाती लागली, आणि हौशी मंडळींनी त्यातले हॅश फोडायला घेतले. स्टीव्ह बोर्न, ज्याच्या नावाची शेल (कमांड टाइप करायचा प्रोग्राम) आपण सगळे वापरत आलो, त्याचा पासवर्ड निघाला 'बोर्न'. एरिक श्मिट, जे पुढे गूगलचे सीईओ झाले, त्यांनी बायकोचं नाव ठेवून पुढे तीन उद्गारचिन्हं दिली होती. ब्रायन कर्निघनने कीबोर्डच्या एका कोपऱ्यातली विरामचिन्हं बडवली होती. फक्त थॉम्पसनचा बरीच वर्षं कोणाला सुटेना, तो २०१९ मध्ये फुटला, तेही ग्राफिक्स कार्ड काही दिवस राबवल्यावर, आणि निघाली काय तर बुद्धिबळातली पहिली चाल, वजिरापुढचं प्यादं दोन घरं पुढे, जुन्या पद्धतीच्या नोटेशनमध्ये लिहिलेली. आठ अक्षरं, कारण त्या वेळचं क्रिप्ट (युनिक्समध्ये पासवर्ड हॅश करणारं फंक्शन) आठच्या पुढचं बघतच नसे.

तुमच्या चाळणीतून बोर्न खाली पडला असता. मग काय त्याला नोकरी नाकारणार?

क्यूए_ताई

आजोबा, किस्सा भारी आहे पण दोन वेगळ्या गोष्टी एकात घातल्यात तुम्ही. बोर्नने स्वतःचा पासवर्ड कच्चा ठेवला हा त्याचा प्रश्न. इथला पोरगा दुसऱ्यांचे पासवर्ड कच्चे ठेवतोय. स्वतः हेल्मेट न घालणारा मेकॅनिक चांगला असू शकतो, पण माझ्या गाडीचे ब्रेक सैल सोडणारा नाही चालणार.

मी गेली बरीच वर्षं टेस्टिंगमध्ये आहे, डेव्हलपर लोकांचा कोड रोज दुसऱ्या बाजूने बघते. माझा अनुभव सांगते, कुठलं हॅशिंग वापरायचं हे पाठ असणं म्हणजे काहीच नाही, ते आजकाल एआय पण बरोबर लिहून देतो, बीक्रिप्ट नाहीतर आर्गॉन२ (दोन्ही मुद्दाम संथ ठेवलेल्या हॅश पद्धती), विषय संपला. खरा फरक पडतो तो पासवर्ड कुठून कुठे जातो हे शेवटपर्यंत बघणाऱ्यात आणि न बघणाऱ्यात. ट्विटरचं २०१८ चं प्रकरण आठवतंय? त्यांचं बीक्रिप्ट व्यवस्थित होतं. पण हॅश व्हायच्या आधीच पासवर्ड आतल्या एका लॉगमध्ये जसाच्या तसा लिहिला जात होता, आणि ३३ कोटी लोकांना पासवर्ड बदला म्हणून सांगायची वेळ आली. पुढच्या वर्षी फेसबुकमध्ये पण तेच सापडलं, कोट्यवधी लोकांचे पासवर्ड आतल्या सिस्टिममध्ये साध्या अक्षरात. म्हणजे पुढच्या दाराला कुलूप चोख आणि लॉग फाइल उघडी.

म्हणून मी काय करते, नवीन फीचर आलं की पासवर्डच्या जागी एक विचित्र शब्द टाकते, समजा 'झुरळपोहे', आणि मग तो शब्द सगळीकडे शोधते. सर्व्हरच्या लॉगमध्ये, एरर रिपोर्टमध्ये, ब्राउझरच्या हिस्टरीत, पाठवलेल्या मेलमध्ये, डेटाबेसच्या बॅकअपमध्ये. जिथे झुरळ दिसेल तिथे बग. एकदा तर झुरळ मार्केटिंगच्या अॅनालिटिक्समध्ये निघालं, कारण कोणीतरी फॉर्मचं प्रत्येक फील्ड तिकडे पाठवायची सोय करून ठेवली होती. त्या डेव्हलपरला दाखवलं तर त्याने आधी स्वतःचे बाकीचे तीन फॉर्म उघडून तपासले आणि मग माझ्याशी बोलायला आला. त्याला मी चांगला डेव्हलपर म्हणते.

आणि गिटचं. फाइल दुसऱ्या कमिटमध्ये काढली म्हणजे गेली असं वाटणं, हे मला एमडी५ पेक्षा जास्त खटकलं. हिस्टरीत ती तशीच असते, कोणीही मागे जाऊन वाचू शकतो. एकदा पुश झाला (सर्व्हरवर चढवला) की तो पासवर्ड गेला असं समजायचं आणि नवीन लावायचा, दुसरा उपाय नाही. उबरचं २०१६ मध्ये तसंच झालं होतं, रिपो (कोडचा गिटवरचा साठा) प्रायव्हेट होता तरी लोक आत शिरले, त्यात अॅमेझॉनच्या क्लाउडच्या किल्ल्या सापडल्या आणि ५.७ कोटी लोकांचा डेटा गेला. प्रायव्हेट रिपो आहे म्हणून निवांत राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

नागपूरचा_बाप्पू

काय करून राहिले भाऊ तुम्ही लोकं, त्या पोट्ट्याची परीक्षा घेऊन राहिले, पण आधी आपल्या ऑफिसात काय चालू आहे ते पाहा ना!

सांगा बरं, तुमच्या प्रॉड सर्व्हरचा (खऱ्या ग्राहकांचं काम चालते तो) पासवर्ड कुठं ठेवलाय? मी ज्या कंपनीत होतो तिथं तो व्हॉट्सअॅप ग्रुपवर पिन करून ठेवला होता. कंपनी सोडून गेलेले लोकं पण त्या ग्रुपात, कारण त्यांना काढलं तर वाईट दिसते म्हणे. आणि आयटीवाल्यांचा नियम काय, दर नव्वद दिवसांनी पासवर्ड बदला, एक कॅपिटल पाहिजे, एक आकडा पाहिजे, एक चिन्ह पाहिजे. मग लोकं काय करतात? कंपनीचं नाव, अॅट, आणि महिना. जानेवारीत जानेवारी, एप्रिलमध्ये एप्रिल. एकाचा पासवर्ड माहीत झाला तर सगळ्या फ्लोरचा माहीत झाला अन् पुढच्या वर्षाचा पण.

अमेरिकेच्या एनआयएसटीने (मानकं ठरवणारी सरकारी संस्था) २०१७ मध्येच सांगून टाकलं का हे उगाच दर काही दिवसांनी बदलायला लावू नका, चिन्ह-आकड्याची सक्ती करू नका, लांब पासवर्ड घेऊ द्या, पेस्ट करू द्या, आणि आधी फुटलेल्या पासवर्डच्या यादीशी ताडून पाहा. तो जुना नियम ज्या बिल बर यांनी २००३ मध्ये लिहिला होता त्यांनी स्वतः नंतर सांगितलं का मला आता पस्तावा होतो. पण आपल्याकडं अजून चालूच आहे, एक बँकेची साइट आहे, तिथं पासवर्ड पेस्ट करायला गेलं का बंद! पासवर्ड मॅनेजर (पासवर्ड साठवून ठेवणारं अॅप) वापरणाऱ्या माणसाला उलटी शिक्षा.

तर माझं म्हणणं, पोट्टा 'डेटाबेस कोण बघणार' म्हणाला ते चूकच आहे. पण तो तुमच्याकडं येऊन तीन महिन्यांत तेच शिकणार जे ऑफिसात दिसते.

दुपारची_झोप

@नागपूरचा_बाप्पू आमच्याकडे सगळ्या किल्ल्या बिटवॉर्डन या पासवर्ड मॅनेजरमध्ये आहेत, माणूस सोडून गेला की त्याच दिवशी त्याने बघितलेल्या सगळ्या बदलतो, हे मी भांडून चालू करून घेतलंय, त्यामुळे एवढं तरी पुण्य गाठीशी आहे.

पण मॅनेजरच्या 'आपण बँक नाही' ला काय उत्तर देऊ? दुकानाच्या बिलिंगचा पासवर्ड चोरून कोण काय करणार, हा त्यांचा प्रश्न आहे आणि तो तसा चुकीचा पण वाटत नाही.

क्यूए_ताई

बिलिंगचं काही करणारच नाहीत. तो किराणावाला तुमच्या सॉफ्टवेअरला जो पासवर्ड ठेवतो तोच त्याच्या ई-मेलला असतो, आणि ई-मेल हातात आला की बाकी सगळीकडचं 'पासवर्ड विसरलात' चोराच्या हातात. ड्रॉपबॉक्सचं असंच झालं होतं, त्यांच्या एका कर्मचाऱ्याने एकच पासवर्ड दोन ठिकाणी वापरला, दुसरीकडचा फुटला आणि चोर इकडे शिरले.

मॅनेजरना पैशाची भाषा कळत असेल तर २०२३ चा डेटा संरक्षण कायदा दाखवा, वैयक्तिक माहितीची वाजवी काळजी घेतली नाही तर २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. तुम्हाला एवढा कोणी लावणार नाही हे मान्य, पण आकडा ऐकून मीटिंग लांबत नाही हा माझा अनुभव.

कोथरूड_ते_हिंजवडी

आणि एमडी५ किती वाईट ते पण सांगा त्यांना. एका आरटीएक्स ४०९० कार्डवर सेकंदाला पासवर्डचे दीडशे अब्जांच्या वर अंदाज एमडी५ करून तपासून होतात. गेम खेळायचं कार्ड आहे हो ते. बीक्रिप्टला कॉस्ट (किती संथ चालायचं तो आकडा) १० ठेवली तर त्याच कार्डवर काही हजारच होतात. (हो, मी पोराच्या बाजूने होतो. ते 'कोण बघणार' ऐकून जरा सरकलोय.)

इनस्क्रिप्ट_वाला

विषय थोडा बाजूला नेतो पण मला वाटतं इंटरव्ह्यूला हाच प्रश्न विचारायला हवा: युझरने पासवर्ड मराठीत ठेवला तर?

हसू नका. तुमचे दुकानदार फोनवर मराठी कीबोर्ड लावूनच बसलेले असतात. आता 'दुसऱ्या' हा शब्द घ्या. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर मी टाइप केला की नुक्तावाला ऱ, हलन्त, य, काना. दुसऱ्या एखाद्या कीबोर्डवर किंवा जुन्या टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये साधा र, हलन्त, मग न दिसणारा झेडडब्ल्यूजे (झीरो विड्थ जॉइनर, अक्षरं जोडायचं चिन्ह) आणि मग य. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब एकसारखे, डोळ्यांनी फरक सांगून दाखवा. आत मात्र एक सात कोडपॉइंटचा (कॉम्प्युटरच्या लेखी सुटी अक्षरं-चिन्हं) आणि दुसरा आठचा, म्हणजे हॅश पूर्ण वेगळा. फोनवर नोंदणी केली, दुकानातल्या कॉम्प्युटरवर लॉगिन करायला गेला, 'पासवर्ड चुकीचा आहे'. तो बिचारा शपथेवर सांगणार की मी बरोबर टाकलाय, आणि सपोर्टवाला म्हणणार काका कॅप्स लॉक बघा.

युनिकोड नॉर्मलाइज करायचं असतं (एकच अक्षर वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेलं असलं तर एका रूपात आणायचं) हे बऱ्याच जणांना माहीत असतं, एनआयएसटी पण तेच सांगते. नॉर्मलाइज केलं की र आणि नुक्ता सुटे टाइप केलेले असले तरी ते जुळतात. पण झेडडब्ल्यूजेवाला प्रकार नॉर्मलायझेशनने जुळत नाही, त्याचा वेगळा विचार करावा लागतो.

पुढचं ऐका. देवनागरीचं प्रत्येक अक्षर, काना, मात्रा, अनुस्वार, सगळं यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवायची नेहमीची पद्धत) तीन-तीन बाइटचं. बीक्रिप्ट फक्त पहिले ७२ बाइट बघतं. समजा कोणी छान लांब पासफ्रेज ठेवला, 'कोपऱ्यावरच्या टपरीवर कटिंग'. तीनच शब्द, पण मोजून बघा, ७४ बाइट होतात. शेवटच्या ग चा एकच बाइट आत जातो आणि तो सगळ्या देवनागरी अक्षरांना सारखाच असतो. म्हणजे कटिंगच्या जागी 'कटिंब' टाकलं तरी दार उघडणार. आणि त्यापुढे आणखी चार शब्द असतील तर ते कोणी वाचतच नाही.

कोथरूड_ते_हिंजवडी

हे खरंच कुठे नडलंय का, की नुसती थिअरी?

इनस्क्रिप्ट_वाला

मराठीतलं उदाहरण नाही पण ७२ बाइटचं आहे. ऑक्टा, जी कंपनी दुसऱ्यांना लॉगिनच विकते, तिने २०२४ मध्ये जाहीर केलं होतं. त्यांनी एका कॅशची (तात्पुरत्या साठ्याची) की बनवताना युझर आयडी, युझरनेम आणि पासवर्ड एकापुढे एक जोडून बीक्रिप्टला दिले होते. युझरनेम ५२ अक्षरांचं किंवा त्याहून लांब असलं की ७२ बाइट तिथेच भरायचे, पासवर्ड हिशेबातच येत नसे, आणि ठराविक परिस्थितीत पासवर्डशिवाय आत जाता येत होतं. तीनेक महिने कोणाच्या लक्षात आलं नाही. बीक्रिप्ट वापरायचं हे तिथे सगळ्यांना पाठच असणार.

आज्ञावली_आजोबा

वा! म्हणजे आमच्या वेळी आठ अक्षरांवर कापायचे, आता बहात्तर बाइटवर कापतात. प्रगती आहे.

ताईंचा मुद्दा मान्य, स्वतःचं आणि दुसऱ्याचं यात फरक आहे. तरी माझं एक ऐका. त्या मुलीला प्रश्न पडला हे उत्तम, पण काम अर्धवट राहिलं हे पण खरं आहे. नुसते प्रश्न पडणारे लोक मी खूप पाहिलेत, रिलीजच्या दिवशी ते व्हाइटबोर्डपाशी उभे असतात. तिला अजून एक दिवस द्या आणि अर्धवट राहिलेलं पूर्ण करून मागा.

नागपूरचा_बाप्पू

आजोबांचं बरोबर आहे. अन् पोट्ट्याला पण द्या ना एक दिवस.

दुपारची_झोप

तसंच करतोय. दोघांनाही आज मेल टाकलाय, की हा रिपो सोमवारी खऱ्या दुकानदारांसाठी लाइव्ह करायचा आहे असं समजा, त्याआधी काय काय बदलाल ते बदला आणि का बदललं ते पाच-सहा ओळीत लिहा. एमडी५ किंवा गिटबद्दल मुद्दाम काही बोललो नाही. मॅनेजर पण तयार झाले, बहुतेक २५० कोटी ऐकून.

@इनस्क्रिप्ट_वाला आमचं स्वतःचं प्रॉडक्ट बीक्रिप्टवर आहे, आता पोटात गोळा आला. पासवर्डला कमाल लांबीची मर्यादा घालू का?

इनस्क्रिप्ट_वाला

अक्षरांत मोजून घालू नकोस, बाइटमध्ये मोज, आणि ७२ च्या वर गेलं तर गुपचूप कापण्यापेक्षा सरळ सांग की लांब होतोय. काही लायब्ररी स्वतःच एरर देतात, गो भाषेची देते, पायथनच्या नव्या व्हर्जनने पण चालू केलंय, तुमची कुठली आहे ते बघ. पुढेमागे बदलायचंच असेल तर आर्गॉन२ ला ही अडचण नाही. जुने हॅश एकदम बदलता येत नाहीत, माणूस लॉगिन करेल तेव्हा त्याच क्षणी नवीन करून ठेवायचे, आणि वर्षभर न आलेल्यांना रीसेटचा मेल.

आणि टेस्ट केसमध्ये 'दुसऱ्या' दोन्ही कीबोर्डवरून टाइप करून घाल. कॉपी-पेस्ट करू नकोस, एकच प्रकार दोनदा येईल.